न झोपलेली चादर

घडीकाकूला लोक घडीकाकू म्हणतात ते तिच्या घड्यांमुळे. पलंगाएवढी चादर हनुवटीखाली दाबून, दोन हात पसरून, चार झटक्यांत ती वहीएवढी करायची. बघणाऱ्याला वाटावं बाईच्या अंगाला बिजागऱ्या लावल्यात. माझ्याहून ती दोन वर्षांनी मोठी. तरी मीही तिला काकूच म्हणते, पण अगं-तुगं करून. तिला ते चालतं. न चालणाऱ्या गोष्टी ती लगेच सांगते.

बस स्टँडसमोर जो नऊ खोल्यांचा लॉज आहे, त्याच्या मागच्या बाजूला आमची धुण्याची खोली. सिमेंटचे दोन हौद, इस्त्रीचं लांब टेबल, त्यावर जागोजागी करपलेलं ब्लँकेट आणि अंगणात चार तारा. खिडकीखाली माझं शिलाई मशीन. काकू धुवायची, इस्त्री करायची, आणि फाटलेलं सगळं माझ्याकडे सरकवायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तिचं तेवढंही नाही. पण तिला जे वाचता यायचं ते मी कुणा शिकलेल्याला वाचताना पाहिलं नाही. ती चादरी वाचायची.

हा माणूस उताणा झोपतो. ह्याने रात्रभर कूस बदलली, घरून काहीतरी वाईट फोन आलाय. ह्याला विचारलं तर नाही म्हणेल, पण पलंगावर बसून बिस्किटं खातो. अशी एकेक चादर तारेवर टाकताना ती मनाशी पुटपुटायची आणि मी मशीनवर बसून ऐकायचे. एवढंच. त्या खोलीबाहेर चकार शब्द नाही. मालकाने एकदा सात नंबरच्या पाहुण्याबद्दल काही खोदून विचारलं, तर म्हणाली, चादरीला तोंड नसतं म्हणून लोक निवांत झोपतात, आणि तिने ओली चादर इतक्या जोरात झटकली की मालकाचा सदरा भिजला. पुन्हा त्याने विचारलं नाही.

तिच्या नवऱ्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की तो होता आणि मग नव्हता. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. शेजारी शेजारी काम करणाऱ्या बायकांत अशी एखादी बंद खोली असू द्यावी लागते.

आमचं गाव समुद्रापासून बसने सात तास आत. बघण्यासारखं म्हणाल तर दगडाची एक जुनी खाण. तिच्यात पाणी साठून तळं झालंय, निळंशार, आणि कडेने कामगारांनी खोदलेल्या पायऱ्या खालपर्यंत गेल्यात. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. लॉजवर येणारेही तळं बघायला यायचे नाहीत. औषधं विकणारे, परीक्षेला आलेली मुलं, सासुरवाडीत भांडून बाहेर पडलेले जावई, अशी आमची गिऱ्हाइकं.

त्याला अपवाद दोघे होते. एक चष्मेवाले मास्तर, सडपातळ, बोलताना दुसऱ्याच्या खांद्याकडे बघणारे. दुसरे त्यांचे मित्र, गोलमटोल, गळ्यात कॅमेरा. वर्षातून दोनदा यायचे, चार दिवस राहायचे. पाच आणि सहा नंबर घ्यायचे. दिवसभर खाणीच्या पायऱ्यांवर बसायचे, मास्तर चित्रं काढायचे, गोलमटोल फोटो काढायचे. मालक त्यांच्यावर खूश होता. आवाज नाही, तक्रार नाही, खोलीत कधी विडीचा वास नाही. सहा वर्षं ते येत होते, आणि मला वाटायचं, बघा, मैत्री असावी तर अशी.

त्यांची सहा नंबरची चादर आली की काकू ती जरा जास्त वेळ हातात धरायची. मला एवढंच दिसायचं. त्या चादरीवर ती काही पुटपुटायची नाही.

मग एकदा ती माझ्यासमोर चार नव्या चादरी घेऊन आली. म्हणाली, दोन-दोन जोडून मोठ्या करून दे. एक घालायला, एक धुण्यात. मधली शिवण सपाट पाहिजे, अंगाखाली टोचता कामा नये. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाली, एक फार जाडे गृहस्थ येणार आहेत.

मी विश्वास ठेवला. न ठेवायला कारण काय? काठ एकमेकांत दुमडून, दोन्ही अंगांनी टीप मारून, वरून इस्त्री फिरवून मी अशी शिवण घातली की डोळे मिटून हात फिरवला तर जोड सापडू नये. दोन दिवस गेले त्यात. काकूने मालकालाही जाड्या गृहस्थांचं सांगितलं आणि पाच नंबरातल्या दोन कॉट त्याच्याकडून एकत्र बांधून घेतल्या. मालक सरळ माणूस. तो खरंच वाट बघत बसला. त्याच आठवड्यात बियाण्यांचा एक व्यापारी आला, दोन माणसांचं वजन एका देहात घेऊन. मालकाने मोठ्या अभिमानाने पाच नंबर उघडून दिला, तुमच्यासाठी खास तयारी करून ठेवली आहे म्हणाला. व्यापारी बिचारा खूश व्हावं की रागवावं ह्या विचारात पडला. आणि दुपारच्या बसने मास्तर आणि गोलमटोल उतरले, त्यांना मिळाले चार आणि सहा.

काकूने त्या दिवशी इस्त्रीखाली उशीचा एक अभ्रा जाळला. इतक्या वर्षांत तो एकच. मला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय.

पुढच्या खेपेला तिने मालकाला बजावलं की मास्तरांच्या पाठीत उसण आहे, पाच नंबर त्यांनाच द्या. दिला. तरी गोलमटोल सहा नंबर घ्यायचेच, आणि सहा नंबरची चादर काकू तशीच धरून उभी राहायची. माझ्या डोक्यात तेव्हाही काही शिरलं नाही. माझ्या डोक्यात माझंच चाललं होतं.

माझा नातू, लेकीचा मुलगा. दहा वर्षांचा होईपर्यंत माझ्याकडे वाढला, कारण त्याची आई दोन पाळ्यांत काम करायची. आता तो समुद्राकाठच्या मोठ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. चार वर्षं तो माझ्याकडे रात्रीचा राहिला नव्हता. सकाळच्या बसने यायचा, संध्याकाळच्या बसने पळायचा. राहा म्हटलं की काहीतरी निमित्त. मला वाटलं, गादी टोचते. मी गादी पिंजून घेतली. तरी राहिना. उशा नव्या केल्या. तरी नाही. शेवटी खिडकीला जाळी बसवली, म्हटलं डासांमुळे असेल. एवढ्या खटाटोपात पोराला सरळ विचारायचं मात्र राहून गेलं.

आणि मग त्याचा फोन आला. मित्राला घेऊन तीन दिवस येतोय, पण आजी, आम्ही लॉजवर उतरू, तुझ्याकडे उगाच गर्दी नको.

माझ्या घरात दोन खोल्या, दोन खाटा, माणूस एक. गर्दी कसली? मी फोनवर बरं म्हटलं, पण ते बरं कसं होतं ते त्यालाही कळलं असणार. काकूला म्हणाले, बघ, माझ्या हातच्या ठिगळांवर झोपेल, पण माझ्या घरी झोपणार नाही.  काकू इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी शिंपडत राहिली.

दोघे आले. मित्र रुंद खांद्यांचा, शांत. इस्पितळात नर्स आहे. आल्या आल्या त्याची नजर माझ्या सुजलेल्या घोट्याकडे गेली आणि म्हणाला, आजी, बसताना पाय वर घेत जा. मी म्हटलं, घेते. चहा दिला. बिस्किटं बशीत मांडून दिली, जशी परक्याला देतात. नातवाला मी लहानपणापासून डबाच पुढे करत आले होते. त्याने त्या बशीकडे पाहिलं आणि एकच बिस्किट घेतलं. मग हवापाण्याच्या गप्पा मारून ते उठले आणि लॉजवर आपल्या पाच आणि सहा नंबरात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेले तर मालक दारातच भेटला. म्हणाला, तुमचा नातू उद्या पहाटेच्या बसची चौकशी करत होता, एक दिवस आधीच निघतायत वाटतं. घरी सगळं ठीक ना?

मी मशीनवर जाऊन बसले. दोरा तुटला, पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. तेवढ्यात काकू चादरी घेऊन आत आली आणि तिने दार लोटून घेतलं. आमच्या खोलीचं दार कधी लोटलेलं नसतं, वाफ कोंडते. तिने दोन चादरी टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या.

"हात लाव," म्हणाली.

मी म्हटलं, मी शिवते, वाचणारी तू. तिने माझं मनगट धरलं आणि पहिल्या चादरीवर ठेवलं. ही पाच नंबरची, माझ्याच शिवणीची. हा खांदा. ही टाच. इथे दुसरा खांदा. सुरकुत्या बारीक, मऊ, प्रत्येकीची वाट वेगळी. मग तिने माझा हात दुसऱ्या चादरीवर नेला. इथे सगळ्या सुरकुत्या दोनच जागांतून निघालेल्या, मुठीत कापड धरून ओढलं की निघतात तशा. आणि त्या दोन मुठींच्या मधून एक सरळ रेघ, उभी, जशीच्या तशी.

"ही माझी घडी आहे. मोडलेली नाही. ह्यावर कुणी झोपलेलं नाही."

"मग सहा नंबरात कोण होतं?"

"तुझा नातू होता. सकाळी. चादर चुरगळून गेला."

मी हात काढून घेतला. मला गादी आठवली. उशा आठवल्या. ती जाळी आठवली.

काकू माझ्याकडे न बघता बोलायला लागली. लग्नानंतर दोन वर्षं तिचा नवरा दुसरीकडे झोपायचा. सासूला कळू नये म्हणून ती रोज सगळ्यांच्या आधी उठून त्याची बाजू हाताने चुरगळायची, उशीला ठोसा मारून खळगा करायची, पांघरूण अर्धं खाली सोडायची. मग तोंड धुवायची. खोटं अंथरूण ओळखायला मला वेगळं शिकावं लागलं नाही, म्हणाली. चूक तिची नव्हती, पण दिवसाची सुरुवात मात्र तिची खोटी व्हायची.

मी विचारलं, किती वेळ लागतो गं?

"दोन मिनिटं. पण रोज."

मग म्हणाली, मास्तर आणि त्यांचे ते, सहा वर्षं हेच करतायत. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. म्हटलं, म्हणजे ते जाडे गृहस्थ?

"कुठले जाडे गृहस्थ," काकू म्हणाली.

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं, दोन्हीचं तोंड एकच असल्यामुळे जरा घोटाळा झाला. काकूने मला पाणी दिलं. म्हणाली, आजवर कुणाची चादर मी कुणाला दाखवली नाही. आज दाखवली. चुकलं असेल तर मला काय म्हणायचं ते म्हण. पण तो उद्या पहाटे गेला तर पुन्हा येईल असं मला वाटत नाही.

मला तिथल्या तिथे सगळं पटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. नातसुनेसाठी मी एक जरीचा खण पेटीत ठेवला होता, तो डोळ्यांसमोर आला. नातेवाइकांची तोंडं आली, एकेकाचं नाव-गाव घेऊन. पण सगळ्यात शेवटी आला तो राग, आणि तो नातवावर नव्हता. ज्या पोराचं नाक मी पुसलं, ज्याला बिनदिक्कत माझ्या अंगावर पाय टाकून झोपायची सवय, त्याला माझ्याच गावात सकाळी उठून चहाच्या आधी खोटं अंथरूण करावं लागतंय. माझ्या भीतीने. त्या रागाने मला मशीनवरून उठवलं.

काकूने कपाटातून दुसरी जोडचादर काढली. मालकाचं मी बघते, म्हणाली, आणि माझ्याबरोबर घरी आली. दोन म्हाताऱ्या आणि दोघींत मिळून चांगले गुडघे दीड. खाटा ओढायला आम्हाला अर्धा तास लागला. एक खाट दुसरीहून दोन बोटं बुटकी निघाली, तिच्या गादीखाली जुनं ब्लँकेट घडी करून घातलं. खाटांचे पाय एकमेकांना कपडे वाळवायच्या दोरीने बांधले. चादर घातली, चारही कोपरे काकूने खोचले. उशा दोन, शेजारी शेजारी. मग ती दारात थांबून एकदा सगळं बघून गेली, जशी पाहुणे यायच्या आधी लॉजच्या खोल्या बघायची.

मी दोघांना जेवायला बोलावलं. नातू घड्याळ लावून जेवावं तसा जेवला. मित्राने भात दोनदा घेतला, ते मला आवडलं. ताटं उचलताना मी म्हटलं, उन्हाचं कुठे जाता, आत जाऊन जरा पडा.

नातू आतल्या दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. मित्र त्याच्या मागे.

"आजी, खाटा..."

"जोडल्यात. एक बुटकी आहे, पण खाली ब्लँकेट घातलंय. मधली शिवण माझी आहे, टोचणार नाही."

तो वळला नाही. त्याच्या मानेकडे बघत मी उभी होते. लहानपणी रडू दाबताना ती मान अशीच ताठ व्हायची. त्याने विचारलं, तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, चादरीने. आणि मग मला जे म्हणायचं होतं ते म्हणून टाकलं.

"लॉजवर राहायचं तर राहा. पण सकाळी उठून हाताने चुरगळत बसू नकोस. चादर चुरगळायची तर झोपून चुरगळा."

पहिल्यांदा हसला तो मित्र. असा हसला की त्याला भिंत धरावी लागली. नातू खाटेच्या कडेवर बसला, मग आडवा झाला, उशीत तोंड खुपसलं, आणि काय बोलत होता ते उशीलाच कळलं असेल. मी दार ओढून घेतलं. पाच वाजेपर्यंत दोघे झोपले. पहाटेची बस दुसऱ्या दिवशी त्यांना न घेता गेली.

संध्याकाळी मी बिस्किटांचा डबा पुढे केला आणि नातवाने सांगितलं. चार वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या एका हॉटेलात दोघांनी एकच खोली घेतली होती. तिथला माणूस वर आला, नको ते विचारलं, आणि दोघांच्या बॅगा जिन्यात नेऊन ठेवल्या, सगळ्यांसमोर. तेव्हापासून कुठेही गेलं तरी दोन खोल्या आणि सकाळची ती दोन मिनिटं. माझ्याकडे खोल्या दोन होत्या खऱ्या, पण माझ्याकडे ती दोन मिनिटं करायचं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून तो मित्राला आणायचा नाही, आणि त्याला मागे ठेवून एकटा रात्रीचा राहायचा नाही. मी डबा त्याच्या मांडीवर ठेवला. बोलायचं ते खाटांनी बोलून झालं होतं.

इकडे काकूने मालकाचं बघितलं. ती त्याला म्हणाली, ह्यापुढे न झोपलेली चादर मी धुणार नाही. माझा साबण काही वर आलेला नाही. मास्तर आले की त्यांना सरळ सांगा, एक खोली पुरे. मालक घाबरला. लॉजचं नाव खराब होईल म्हणाला. काकू म्हणाली, ह्या लॉजच्या चादरी मी अडतीस वर्षं वाचतेय. नाव खराब करायचंच म्हटलं तर मास्तरांचा नंबर फार मागे लागेल. सुरुवात तुमच्या मेहुण्यापासून करू का? मालकाने त्याच दिवशी आणखी दोन खोल्यांतल्या कॉट बांधून घेतल्या.

पुढच्या खेपेला मास्तर आले तेव्हा मी मुद्दाम उशांचे अभ्रे घेऊन पुढे गेले होते. मालकाचे कान लाल झाले होते. म्हणाला, सर, सहा नंबर ह्यावेळी आम्हालाच लागतोय. पाचमध्ये दोघांचं होईल ना? तिथलं अंथरूण मोठं आहे. मास्तरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. गोलमटोल म्हणाले, होईल की, आणि दोन्ही बॅगा एकट्याने उचलून चालू लागले.

ही गोष्ट हळूहळू पसरली. नातवाने आपल्या मित्रांना सांगितलं, मास्तरांनी त्यांच्या. आता महिन्यातून दोन-तीन जोड्या येतात. कधी दोघे पुरुष, कधी दोघी बायका. त्यांना काय म्हणतात तो शब्द नातवाने मला शिकवलाय, मी आपली जोडी म्हणते. समुद्र सोडून सात तास बसमध्ये बसून ती माणसं आमच्या खाणीतलं पाणी बघायला येतात, आणि पायऱ्यांवर एकमेकांचा हात धरून बसतात. त्यांच्यामुळे मीही एकदा जाऊन बघून आले. पाणी खरंच निळं आहे. मालकाने पायऱ्यांना कठडा करून घेतला आणि वर दोन बाक ठेवले. एक मुलगी मला म्हणाली, आजी, इथे कुणी काही विचारत नाही हे किती बरं आहे. मी म्हटलं, विचारतो की, गरम पाणी हवं का, आणि जेवलात का. जोडचादरी आता अकरा झाल्यात. सगळ्यांची शिवण माझी.

काकूच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. इस्त्री दुसरी बाई करते. काकू माझ्या मशीनशेजारी खुर्चीवर बसून असते आणि आलेली प्रत्येक चादर आधी तिच्या मांडीवर जाते. तिला आता बोटांनी वाचता येतं, मला वाटतं पूर्वीपेक्षा बारीक. तिने त्या दिवशी दार लोटलं नसतं तर माझा नातू मला फोनवरच उरला असता. हे मी तिला दोन-तीनदा म्हणायला गेले. ती म्हणते, गप गं, सुई ओवून दे.

गेल्या महिन्यात दोघे आले, माझ्याकडेच उतरले. पहिल्या सकाळी मी त्यांची चादर काकूकडे नेली. तिने सावकाश हात फिरवला. म्हणाली, नर्स पांघरूण ओढतो, तुझा नातू कडेला गारठून झोपतो, त्याला एक वेगळं पांघरूण दे. मी दिलं, काकूच्याच घडीचं, कपाटातून काढून. दुसऱ्या सकाळी ते चादरीबरोबर परत आणून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने चारही काठांवरून बोट फिरवलं. घडी जशीच्या तशी होती. ह्यावेळी तिला हसू आलं.

"हे धुवायला नको," म्हणाली, आणि मला ते परत कपाटात ठेवायला लावलं.